बर्गंडीच्या ड्यूकांचा माग: दिजाँ ते ब्रूज, मधल्या फटीसकट

बर्गंडीच्या ड्यूकांचं राज्य नकाशावर एकसंध असं फारसं कधी दिसलंच नाही. दक्षिणेला दिजाँभोवतीची मूळ डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, आणि तिला लागून फ्रांश-कोंते. उत्तरेला फ्लँडर्स, आर्त्वा, पुढे ब्राबांत, हॉलंड, एनो. मधे शांपान्य आणि लॉरेन, म्हणजे दुसऱ्यांचा मुलूख. १३६४ ते १४७७ या काळात चार ड्यूक झाले. पैसा यायचा उत्तरेतून, मान होता दक्षिणेतल्या पदवीचा, आणि ही मधली फट बुजवण्याच्या नादात चौथा ड्यूक मारला गेला. त्यामुळे हा प्रवास मी दक्षिणेकडून सुरू करतो आणि नान्सीवरून उत्तरेला जातो. पॅरिसमार्गे वेगवान गाडीनं दिजाँहून थेट बेल्जियम गाठणं सोपं आहे, पण त्यात फट डोळ्यांआड होते आणि शेवट का तसा झाला ते कळत नाही.

पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून दिजाँला वेगवान गाडी दीड तासाच्या आसपास घेते. ड्यूकांचा राजवाडा गावाच्या मधोमध आहे आणि त्याच्या एका भागात कलासंग्रहालय आहे. कायमचा संग्रह विनामूल्य पाहता येतो, मंगळवारी मात्र बंद. सोमवारी रात्री पोचून मंगळवारी एकच दिवस हातात ठेवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. संग्रहालयातल्या ड्यूकांच्या समाध्या पाहायच्या नसतील तर दिजाँला येण्यात अर्थ नाही, तेव्हा वार आधी जुळवा.

समाध्या पहाऱ्याच्या जुन्या दालनात आहेत. एक पहिल्या ड्यूकची, फिलिपची, ज्याला धाडसी म्हणत. दुसरी त्याचा मुलगा जाँ निर्भय आणि सून मार्गारेट यांची. आल्या आल्या नजर वर झोपलेल्या पुतळ्यांवर जाते, पण ते फ्रेंच क्रांतीत फुटले होते. आज दिसतात ते बरेचसे १९ व्या शतकातल्या दुरुस्तीचे. अस्सल काम खाली, कमानींच्या ओळीत आहे. संगजिऱ्यासारख्या मऊ पांढऱ्या दगडातले सुमारे ४० सेंटिमीटर उंचीचे शोक करणारे पुतळे समाधीभोवती फेरी धरून चालले आहेत. कोणी टोपीत तोंड लपवलंय, कोणी पोथी उघडलीय. उकिडवं बसून, चारही बाजूंनी फिरून पाहा. उभ्यानं पाहिलं तर टोप्याच दिसतात. पहिली समाधी जाँ द मार्विलनं सुरू केली, क्लाउस स्लूटरनं पुढे नेली आणि त्याचा पुतण्या क्लाउस द वेर्व्हनं १४१० मध्ये पुरी केली. तोवर फिलिपला जाऊन सहा वर्षं झाली होती.

हा फिलिप फ्रान्सचा राजा जाँ दुसरा याचा धाकटा मुलगा. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत चौदा वर्षांचा असताना बापाच्या शेजारी लढला आणि त्याच्यासोबतच इंग्रजांच्या कैदेत गेला. १३६१ मध्ये बर्गंडीचं जुनं ड्यूक घराणं प्लेगच्या काळात निर्वंश झालं, डची राजाकडे आली आणि १३६३ मध्ये राजानं ती या लाडक्या मुलाला दिली. पुढच्या वर्षी थोरल्या भावानं, म्हणजे नव्या राजानं, ती कायम केली. इथपर्यंत फिलिप एक श्रीमंत राजपुत्र होता, एवढंच. घराण्याची खरी पायाभरणी १३६९ मध्ये गेंटला लग्नमंडपात झाली. नवरी फ्लँडर्सच्या काउंटची एकुलती वारस मार्गारेट, आधीच्या बर्गंडी ड्यूकची विधवा. इंग्लंडच्या राजालाही ती आपल्या मुलासाठी हवी होती, पण जवळच्या नात्यामुळे पोपची परवानगी लागायची आणि ती मिळाली नाही. फ्रान्सच्या राजानं सोयरीक जुळावी म्हणून लील, दुए आणि ऑर्शी ही गावं फ्लँडर्सला परत देऊन टाकली. १३८४ मध्ये सासरा वारला आणि फ्लँडर्स, आर्त्वा, फ्रांश-कोंते, नेव्हेर, रतेल एकदम जावयाच्या घरात आले. फटही त्याच दिवशी आली.

राजवाड्याच्या आवारात १४३३ ची स्वयंपाकघरं आहेत. बाजूंना अजस्र चुली आणि छताच्या मधोमध धूर जायला वाट. त्याच आवारातला तिसऱ्या ड्यूकचा, फिलिप भल्याचा, मनोरा ४६ मीटर उंच, ३१६ पायऱ्यांचा. वर वाटाड्यासोबतच, ठरलेल्या वेळी, छोट्या गटात सोडतात. सुट्टीच्या दिवसांत जागा आधीच भरतात, म्हणून वेळ आदल्या दिवसाच्या आत पर्यटन कार्यालयातून राखून ठेवा. गुडघे दुखत असतील तर मनोरा सोडा, काही अडत नाही.

नोत्र-दाम चर्चच्या माथ्यावरचं घड्याळ मात्र चुकवू नका. ही लूट आहे. १३८२ मध्ये रोझबेकच्या रणात फ्लँडर्सच्या बंडखोरांचा पाडाव झाला, कूर्त्रे गाव लुटलं गेलं, आणि तिथलं ठोके देणाऱ्या माणसासकटचं घड्याळ फिलिपनं दिजाँला आणवलं. पुढे दिजाँकरांनी त्या एकट्या माणसाला १६५१ मध्ये बायको दिली, १७१४ मध्ये मुलगा आणि १८८४ मध्ये मुलगी.

शांमोलचा कार्थुझियन मठ स्टेशनपासून पश्चिमेला पायी पंधरा-वीस मिनिटांवर. फिलिपनं तो घराण्याच्या समाध्यांसाठीच १३८३ पासून बांधायला घेतला. क्रांतीनंतर तो पाडला गेला आणि आज त्या जागी मनोरुग्णालय आहे. फाटकातून आत शिरताना आपण चुकलो असं वाटून बरेच जण परत फिरतात. फिरू नका, आत पाट्या आहेत. रुग्णालय चालू असतं, तेव्हा आवाज खाली ठेवा आणि रुग्णांचे फोटो काढू नका. स्लूटरनं १३९५ ते १४०३ मध्ये केलेली मोझेसची विहीर इथेच, बंदिस्त छताखाली आहे. विहिरीत उभ्या खांबावर मोझेस, डेव्हिड, जेरेमाया, झकारिया, डॅनियल आणि इसाया असे सहा प्रेषित. वरचा क्रूस फुटून गेला. पुतळे मूळचे रंगवलेले होते आणि रंगाचे अंश अजून दिसतात. आत सोडण्याच्या वेळा मोजक्या असतात, त्या पाहूनच निघा. मठाच्या देवळाचं दार बाहेरूनही दिसतं. त्यावर फिलिप आणि मार्गारेट गुडघे टेकून बसलेत, आणि मला वाटतं, समाधीवरच्या पुतळ्यापेक्षा हा फिलिप जास्त खरा आहे. थकलेला, जाडसर, हिशेबी.

हिशेबीपणाचा नमुना दिजाँच्या दक्षिणेला, द्राक्षमळ्यांत. ३१ जुलै १३९५ च्या हुकुमानं फिलिपनं गामे जातीच्या वेली उपटायला लावल्या. गामे भरघोस येते, पण बर्गंडीच्या वाइनचं नाव खराब होईल ही भीती होती. आजही या पट्ट्यात लाल वाइन म्हणजे पिनो नोआर, आणि गामे दक्षिणेला बोजोलेत.

बोन हे गाव दिजाँहून लोकल गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. तिथलं ओतेल-दिय, गरिबांचं इस्पितळ, ड्यूक फिलिप भल्यानं नव्हे तर त्याच्या चॅन्सेलरनं, म्हणजे मुख्य कारभाऱ्यानं, निकोला रोलॅनं, बायको गीगोन द सालॅं हिच्यासोबत १४४३ मध्ये स्थापलं. पहिला रुग्ण १ जानेवारी १४५२ ला आला आणि इस्पितळ १९७१ पर्यंत चालू होतं. ड्यूकांच्या नोकरीत माणूस किती कमावत असे, ते या रंगीत कौलांवरून समजावं. रोगिर व्हान डेर वेयडेनचं ‘अंतिम निवाडा’ हे चित्र याच इस्पितळासाठी काढलेलं. दोन्ही बाजू एकदम दाखवता याव्यात म्हणून त्याच्या फळ्या १९ व्या शतकात जाडीत चिरल्या. लाकडावरची अशी जुनी चित्रं अधूनमधून दुरुस्तीला जातात, म्हणून चित्र जागेवर आहे ना ते विचारूनच तिकीट काढा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी इथे वाइनचा लिलाव होतो. त्या आठवड्यात राहायची खोली मिळणं कठीण.

मधल्या दोघा ड्यूकांचं थोडक्यात. जाँ निर्भयनं १४०७ मध्ये पॅरिसमध्ये राजाच्या भावाचा, लुई द ऑर्लेआँचा, रस्त्यात खून करवला. मग त्याला स्वतःच्या जिवाची भीती. त्याचा मनोरा पॅरिसच्या एत्येन मार्सेल रस्त्यावर आहे, आणि जिन्याच्या माथ्यावर दगडात कोरलेल्या ओकच्या फांद्या पाहायला तासभर पुरतो. १४१९ मध्ये मोंतरोच्या पुलावर बोलणी करायला गेला आणि युवराजाच्या माणसांनी कुऱ्हाडीनं मारला. मुलगा फिलिप भला सूडापोटी इंग्रजांना मिळाला, १४३५ मध्ये आरासच्या तहानं परत फिरला, आणि मधल्या काळात उत्तर भरून काढली. नामूर विकत, ब्राबांत १४३० मध्ये वारशानं, एनो-हॉलंड-झीलंड १४३३ मध्ये चुलत बहीण जॅकलिनवर दडपण आणून, लक्झेंबर्ग १४४३ मध्ये चढाई करून. चार प्रांतांत चालणारं एक नाणंही काढलं. पण गेंटनं १४४७ मध्ये मिठावरचा कर नाकारला आणि प्रकरण १४५३ च्या गावेरेच्या लढाईपर्यंत गेलं. या राज्यात प्रत्येक प्रांत आपापली सनद छातीशी धरून होता. ड्यूक एकच असला, तरी गेंटकराला तो फ्लँडर्सचा काउंट होता आणि ब्रसेल्सकराला ब्राबांतचा ड्यूक.

आता फट. दिजाँहून नान्सीला थेट गाड्या मोजक्या आहेत, बऱ्याचदा मधे बदलावं लागतं, तेव्हा सकाळचीच धरा. वाटेतली लॉरेनची जमीन १४७५ पर्यंत बर्गंडीची नव्हती. चौथा ड्यूक, फिलिप भल्याचा मुलगा शार्ल बेधडक, १४६७ मध्ये गादीवर आला आणि ती आपली करायचीच असं त्यानं ठरवलं. राजमुकुटही हवा होता. १४७३ मध्ये ट्रियरला पवित्र रोमन सम्राट फ्रेडरिक तिसरा याच्याशी बोलणी जवळपास पक्की झाली, तोच सम्राट निरोप न घेता पहाटे नौकेतून निघून गेला. त्यानंतर शार्लनं एका वेळी एक शत्रू हा साधा नियम सोडला. नॉयसच्या वेढ्यात सुमारे अकरा महिने घालवले, नोव्हेंबर १४७५ मध्ये नान्सी घेतली, आणि लगेच स्विसांवर गेला.

२ मार्च १४७६, ग्रांदसों. स्विसांना खाली मैदानात ओढायला त्यानं पुढची फळी मागे घेतली, मागच्यांना ती पळापळ वाटली आणि अख्खं सैन्य उधळलं. छावणी जशीच्या तशी स्विसांच्या हाती पडली. २२ जून, मुर्टेन. आदल्या दिवशी सैन्य तासन्‌तास तयार उभं ठेवलं, शत्रू आला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बहुतेकांना विश्रांती दिली. पगारवाटप चालू असताना स्विस रानातून बाहेर पडले. ५ जानेवारी १४७७, नान्सी. गाव पुन्हा हातचं गेलेलं, ऐन थंडीत वेढा, इटालियन भाडोत्री सरदार कांपोबास्सो फितूर, आणि लॉरेनचा ड्यूक रने दुसरा स्विसांना घेऊन आलेला. शार्लचं प्रेत दोन दिवसांनी गोठलेल्या तळ्याकाठी सापडलं. जुन्या जखमा आणि गेलेले दात यांवरून ओळख पटली. ती जागा नान्सीच्या क्र्वा-द-बुर्गोन्य चौकात आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. स्मारक आहे, बाकी पाहण्यासारखं फारसं नाही. जागा पाहायची ती तळ्याची कल्पना करायला, कारण पाणी कधीच बुजवलं गेलं.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी बर्नचं इतिहास संग्रहालय जोडावं. बर्गंडीच्या लुटीतलं सर्वांत देखणं कापड तिथे आहे, फिलिप भल्याच्या कुलचिन्हाभोवती फुलंच फुलं विणलेला १४६६ चा भिंतपडदा. नसेल वेळ तर नान्सीहून लक्झेंबर्गमार्गे ब्रसेल्स. लक्झेंबर्गपुढची गाडी तीन तासांहून जास्त रेंगाळते, डबा सोबत ठेवा.

ब्रसेल्सला कुडेनबर्गचा राजवाडा १७३१ च्या आगीत गेला, पण तळघरं आणि जुना रस्ता आज जमिनीखाली चालत पाहता येतो. आउला माग्ना हे सुमारे ४० बाय १६ मीटरचं दालन १४५२ पासून शहरानं स्वतःच्या खर्चानं बांधलं. ड्यूक राहायला आला की दरबार येतो आणि दरबारासोबत खरेदी येते, हे ब्रसेल्सकरांना पक्कं ठाऊक होतं. खाली ओल आणि चढउतार आहे, घसरणारे जोडे नकोत.

ब्रूजला जाताना वाट थोडी वाकडी करून लीलला उतरलात तर रिऊर राजवाड्याचा उरलेला भाग दिसेल. १४५४ ची प्रसिद्ध ‘फेझंट मेजवानी’ इथेच झाली असं बरेचदा सांगतात. तेव्हा हा राजवाडा नुकता बांधायला घेतला होता. मेजवानी शहरातल्या जुन्या वाड्यात झाली, आणि तिथे कॉन्स्टँटिनोपल सोडवायची घेतलेली शपथ तर कुणीच पाळली नाही.

ब्रूजला थेट आवर लेडी चर्चमध्ये. मुख्य सभागृह विनामूल्य, वेदीकडच्या भागाला तिकीट, आणि मायकेलअँजेलोची माता-बालक मूर्तीही त्याच तिकिटात. रविवारी सकाळी पर्यटकांना सोडत नाहीत. तिथे दोन सोनेरी समाध्या शेजारी शेजारी आहेत. एक शार्लची, १५५० च्या दशकात पणतू सम्राट चार्ल्स पाचव्यानं त्याचे अवशेष नान्सीहून आणवल्यानंतरची. दुसरी त्याची एकुलती मुलगी मेरीची, आणि कलाकुसरीत हीच सरस. बाप गेल्यावर फ्रान्सच्या राजानं दिजाँ गिळलं, उत्तरेतल्या प्रांतांच्या सभांनी तिच्याकडून ११ फेब्रुवारी १४७७ ला मोठी सनद लिहून घेतली, आणि ऑगस्टमध्ये तिनं माक्सिमिलियान हाब्सबुर्गशी लग्न केलं. १४८२ मध्ये घोड्यावरून पडून गेली. १९७९ च्या उत्खननात तिचा सांगाडा ओळखता आला. समाध्यांपासून मान वर केली की १४६८ च्या ‘सुवर्ण लोकर’ संघाच्या, म्हणजे ड्यूकांच्या मानकरी सरदारमंडळाच्या, सभेतल्या सरदारांच्या ढालपाट्या दिसतात. त्यांत इंग्लंडच्या एडवर्ड चौथ्याचीही आहे, शार्लचा मेहुणा म्हणून. उजेड दुपारी बरा येतो, आणि छोटी दुर्बीण असेल तर नावं वाचता येतात.