‘द्राक्ष’ या शब्दाला सात जागा लागतात

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मी सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारांना एक एसएमएस पाठवला. मार्केटिंगमध्ये येऊन मला तेव्हा चार वर्षं झाली होती. पुण्यात ठिबक आणि विद्राव्य खतं विकणाऱ्या एका कंपनीत शेतकऱ्यांपर्यंत जाणारा सगळा मजकूर माझ्याकडे होता. एसएमएस मी लिहिला, साहेबांनी मंजूर केला, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएस नोंदवायच्या ऑनलाइन यंत्रणेवर, टेम्प्लेट नोंदवून घेतलं आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता तो हजारो फोनवर गेला. दिवसभरात अकरा फोन आले. त्यातले चार ‘माझा नंबर यादीतून काढा’ एवढंच सांगायला.

काय चुकलं म्हणून साहेबांना विचारलं. “मजकूर चांगलाय, फक्त पंच कमी पडला.” चार वर्षं मला असेच अभिप्राय मिळत होते. पंच कमी आहे, अजून क्रिस्प कर, जरा इमोशनल टच दे. नक्की काय बदलायचं ते यातून कधी कळायचं नाही, म्हणून मी विशेषणं बदलत राहायचे. ‘दर्जेदार’ काढून ‘खात्रीशीर’ घालायचे आणि पुन्हा मंजुरीला पाठवायचे.

त्याच महिन्यात एका जुन्या सहकारी मैत्रिणीने मला तिच्या मंडळींमध्ये नेलं. दर शनिवारी एरंडवण्यातल्या एका छोट्या ऑफिसात मार्केटिंगमधली दहा-बारा माणसं जमायची. कुणी औषध कंपनीतलं, कुणी सहकारी बँकेतलं, एक ताई शाळांसाठी काम करणाऱ्या, आणि सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे जाहिरात एजन्सीत उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेले काका. भाषण नाही, कार्डांची देवाणघेवाण नाही. ज्याला काम दाखवायचं असेल त्याने त्याच्या छापील प्रती आणायच्या, सगळ्यांना वाटायच्या आणि पहिली दहा मिनिटं तोंड मिटून बसायचं. हा नियम कडक होता. आपण जे लिहिलंय ते आपल्या स्पष्टीकरणाशिवायच लोकांपर्यंत जाणार असतं, त्यामुळे इथेही स्पष्टीकरण मिळणार नाही, असं काकांचं म्हणणं. दुसरा नियम असा की ‘छान आहे’ किंवा ‘आवडलं नाही’ म्हणायचं नाही. कुठे थांबलात, कुठे दुसऱ्यांदा वाचावं लागलं, कुठे पुढचं वाचायची इच्छा गेली, तेवढंच सांगायचं.

दुसऱ्या शनिवारी मी तो एसएमएस नेला.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि मजकुरातल्या अक्षरांखाली एकेक टिंब द्यायला सुरुवात केली. मला वाटलं शुद्धलेखन तपासतायत. ते जागा मोजत होते. इंग्रजी एसएमएसला १६० जागा मिळतात, देवनागरीला फक्त ७०, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण (हलन्त) वेगळी मोजली जाते. सत्तरच्या वर गेलं की मजकुराचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. हे मला माहीत होतं, पण बिलावरचा आकडा म्हणून. काकांनी ‘द्राक्ष’ हा शब्द कागदावर फोडून लिहिला: द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष. दिसायला दोन अक्षरं, आणि जागा सात. माझी सुरुवात होती ‘नमस्कार द्राक्षबागायतदार बंधूंनो,’. स्वल्पविरामासकट तेहतीस जागा. सत्तरपैकी जवळजवळ निम्मी जागा मी काहीही न सांगता खर्च केली होती.

मग ताई बोलल्या. “बंधूंनो म्हणजे बाग बघणाऱ्या बायकांना हे नाहीच का?” आणि त्यानंतर जो प्रश्न आला त्याने माझ्या कामाची दिशाच बदलली. तासगावकडचा एक मुलगा होता, बँकेसाठी काम करणारा, घरची तीन एकर द्राक्षबाग. त्याने विचारलं, “सोमवारी अकरा वाजता माझे बाबा काय करत असतील, माहितीये तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं. मी रत्नागिरीची. आंब्याला मोहोर कधी येतो, कधी गळतो, पेटी कधी भरायची हे मला झोपेतून उठवून विचारा. द्राक्ष मला फक्त कंपनीच्या माहितीपत्रकातून माहीत. तो सांगत गेला. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी चालू असते. काडी छाटली की तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावतात. मजुरांची टोळी मिळणं मुश्कील, मिळाली की घरातलं प्रत्येक माणूस बागेत. फोन घरी चार्जिंगला. आणि माझा एसएमएस काय म्हणत होता? ‘घडांना रंग, गोडी आणि वजन.’ ०:०:५० या, घड पिकताना द्यायच्या पालाशच्या खताची जाहिरात. “ताई, घड अजून काडीच्या आत आहे,” तो म्हणाला. तो टोचून बोलत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की ही गोष्ट मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती.

घरी येताना मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पुढचे दोन शनिवार मी गेले नाही. तिसऱ्या वेळी मैत्रिणीने फोन करून एवढंच विचारलं, “त्या दिवशी कुणी खोटं काही बोललं का?” नव्हतं बोललं. मी पुन्हा गेले, आणि त्या मुलाला विचारलं की मला तुमच्या घरी दोन दिवस राहता येईल का.

त्या दोन दिवसांतली एक गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगत असते. तासगावातल्या एका कृषी सेवा केंद्रात मी दुपारभर स्टुलावर बसले होते. येणारा प्रत्येक शेतकरी काउंटरवर हात टेकला की पहिलं वाक्य तेच बोलायचा: “अठ्ठावन्नावा दिवस हाय.” “उद्या बासष्ट हुतील.” तारीख नाही, वार नाही, महिना नाही. छाटणीपासूनचा दिवस. दुकानदार त्या आकड्यावरून न विचारता मागच्या फळीवरची पिशवी काढायचा. आमच्या ऑफिसातल्या भिंतीवर जे मार्केटिंग कॅलेंडर होतं त्यात गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी असे रंगीत चौकोन होते. ज्या माणसासाठी ते केलं होतं तो दुसऱ्याच दिनदर्शिकेवर जगत होता, आणि त्याची प्रत्येकाची दिनदर्शिका वेगळ्या दिवशी सुरू होत होती.

परत आल्यावर मी साहेबांकडे गेले. ‘कसं वाटलं’ असं न विचारता काय मागायचं ते आता मला कळत होतं. दुकानदारांकडून छाटणीच्या तारखा गोळा करायला तीन महिने द्या, मग एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या छाटणीला, एसएमएस प्रत्येकाच्या दिवसाप्रमाणे जाईल, हा प्रस्ताव होता. त्यांनी एका तालुक्यापुरती परवानगी दिली. मजकूर मी नऊ वेळा लिहिला, त्यातले पाच खर्डे शनिवारच्या टेबलावर पसरून. शेवटी हा राहिला: ‘खरड छाटणीला ४० दिवस झाले? सूक्ष्मघडासाठी ०:५२:३४ दुकानात आलंय.’ (सूक्ष्मघड म्हणजे काडीच्या डोळ्यात आतच तयार होणारा पुढच्या हंगामाचा घड, आणि ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचं खत.) बासष्ट जागा. उरलेल्या आठांत कंपनीचं नाव बसलं. वेळ संध्याकाळी साडेसातची, माणूस हातपाय धुऊन घरात टेकल्यावरची.

त्यात एक अभिप्राय मी मानला नाही. काकांना ‘आलंय’ खटकत होतं. कंपनीने लिहिताना ‘उपलब्ध आहे’ म्हणावं, तोल राहतो, असं त्यांचं मत. मी दुकानात बसले होते आणि दुकानदार फोनवर काय बोलतो ते ऐकलं होतं: “माल आलाय, या.” मी ‘आलंय’ ठेवलं. काकांनी वाद घातला नाही, फक्त म्हणाले, “ऐकलेलं आहेस, मग ठेव.” चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस स्वतः कानाने ऐकलेल्या शब्दासमोर माघार घेतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. गटातली माणसं आपली गिऱ्हाइकं नसतात. ती मजकुरातली भोकं दाखवतात. ते भोक कशाने बुजवायचं ते मात्र दुकानात जाऊनच कळतं, असं मला आता ठामपणे वाटतं.

त्या एप्रिलनंतर माझं काम कंपनीत वेगळं दिसायला लागलं. एका तालुक्याचे चार झाले. माझ्या टेबलावर दुकानदारांचे फोन थेट यायला लागले, कुणाची तारीख चुकली, कुणाची छाटणी पावसाने लांबली म्हणून. मधे २०२३ च्या जुलैत वेबसाइटवर कोण येतं ते मोजणारं गूगलचं जुनं अॅनालिटिक्स बंद पडलं आणि सगळ्यांनाच त्याची नवी आवृत्ती, जीए४, शिकावी लागली. ते आम्ही तीन शनिवारांत एकमेकांचे रिपोर्ट उघडून शिकलो, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते पगाराचं. २०२४ मध्ये एका सूक्ष्म सिंचन कंपनीतली जागा गटातल्याच एकीला कळली आणि तिने माझं नाव सुचवलं. मुलाखतीच्या आधी ताईंनी मला घरी बोलावलं, चहा दिला आणि एका कागदावर स्वतःचा पगार लिहून माझ्यासमोर सरकवला. मागच्या तीन नोकऱ्यांतला, वर्षासकट. “तू किती मागणार आहेस ते लिही,” म्हणाल्या. मी लिहिलं. त्यांनी तो आकडा खोडला आणि वर दुसरा लिहिला. आमच्या घरात आईबाबांनीही कधी एकमेकांचा पगार मोठ्याने उच्चारला नव्हता. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुमची सगळ्यात यशस्वी मोहीम सांगा. मी ऑक्टोबरच्या त्या एसएमएसपासून सुरुवात केली. तेहतीस जागांचा नमस्कार, काडीच्या आतला घड, अकरा फोन. मग तासगावचं स्टूल. हे असं सांगायचं मी शनिवारी दोनदा म्हणून दाखवलं होतं, आणि दोन्ही वेळा मला थांबवलं गेलं होतं कारण मी चुकीवरून घाईने पुढे पळत होते. नोकरी मिळाली, आणि ताईंनी लिहिलेल्या आकड्याच्या अगदी जवळच्या पगारावर.

आता माझ्याकडे सोलापूर जिल्हाही आहे, म्हणजे डाळिंब. इथे दिवस छाटणीपासून मोजत नाहीत. बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, पानगळ करतात आणि पहिलं पाणी सोडतात. तिथून मोजणी सुरू. त्यात एका शिवारात कुणी आंबे बहार (बहार म्हणजे फळ धरण्याचा हंगाम) धरलेला, कुणी मृग, कुणी हस्त, म्हणजे शेजारी शेजारी तीन दिनदर्शिका. माझा खर्डा आहे ‘पहिलं पाणी सोडून किती दिवस झाले?’ या प्रश्नापुरता, पुढे कोरा. तोच कोरा कागद मी येत्या शनिवारी नेणार आहे. त्याआधी गुरुवारी सांगोल्याला जाऊन बसायचंय, एका दुकानदाराने सकाळी नऊच्या आत या म्हणून सांगितलंय.