मे महिन्यातला मराठवाडा, कॅरव्हॅन आणि एसी

मेच्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरहून निघून फर्दापूर, पैठण, अंबाजोगाई, तुळजापूर असा फेरा केला. सोबत आई आणि लहान मुलगी, त्यामुळे सगळ्यात मोठी काळजी उकाड्याची होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅरव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन इकडे येणार असाल तर एसीचं गणित आधी नीट समजून घ्या.

गाडीत एसी दोन असतात. पुढचा इंजिनावर चालतो, इंजिन बंद की तोही बंद. मागे झोपायच्या भागात छतावर बसवलेला एसी मात्र घरच्यासारखा 230 व्होल्टवर चालतो. गाडी उभी असताना त्याला बाहेरची लाईट, जनरेटर नाहीतर मोठी बॅटरी लागते. आमचा साधारण एक टनाचा होता, म्हणजे किलोवॉटभर ओढणारा. 12 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी (12 गुणिले 200, म्हणजे 2.4 किलोवॉट-तास) पूर्ण भरलेली असली तरी थोडी गळती धरून त्यावर तो दोन-सव्वादोन तासच चालेल. ‘बॅटरीवर रात्रभर चालतो’ असं गाडीवाला म्हणाला, तर बॅटरी किती अँपिअर-अवरची ते विचारा आणि तिथेच हिशेब करा.

अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूर तिठ्यावरच थांबतात, पुढे लेण्यांपर्यंत बसने जायचं. (सोमवारी लेणी बंद असतात.) तोवर गाडी उघड्यावर तापत राहते. दुपारी परतलो तेव्हा बाहेर 42 अंश होतं आणि दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसत होता. एसी लावला, झोत गार होता, पण तासाभरानंतरही आत 34 च. मे महिन्यात दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो, सगळं ऊन छतावर येतं. भिंती पातळ. गाद्या, कपाटं, पत्रा सगळं तापलेलं. एसीला आधी ते गार करावं लागतं, माणसांचा नंबर त्यानंतर.

दुसऱ्या दिवसापासून पद्धत बदलली. पुढच्या काचेला बाहेरून चंदेरी पडदा, ड्रायव्हरची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड चादर. काचेतून येणारी उष्णता फार मोठी असते, एवढ्या दोन गोष्टींनीच फरक पडतो. गाडी तापलेली असेल तर आधी छताची खिडकी उघडून पंख्याने कोंडलेली हवा बाहेर काढायची, मग एसी. आणि दुपारी मुक्कामाला थांबायचं असेल तर एसी सकाळी दहालाच सुरू करायचा. पैठणला लिंबाच्या झाडाखाली असं केलं तेव्हा भर दुपारी आत 30 होतं. बाहेर 42 असताना त्याहून कमीची आशा धरू नका. आईला तेवढ्यात छान झोप लागली.

खरी अडचण व्होल्टेजची. पैठण रस्त्यावरच्या एका ढाब्यावर वायर जोडली तर कॉम्प्रेसर नुसता घुमायचा आणि बंद पडायचा. मीटरवर 175. ढाबेवाले म्हणाले, “दादा, आता मोटारी चालू हैत. त्या बंद होऊ द्या, मग लावा.” शेतातल्या मोटारी थांबल्या, आकडा 215 वर गेला आणि एसी पहिल्या झटक्यात सुरू झाला. प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर जवळ ठेवाच. कमी व्होल्टेजवर पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर कॉम्प्रेसर जळतो. पॉइंट 16 अँपिअरचा हवा, वायर किमान अडीच एमएमची आणि गुंडाळी पूर्ण सोडलेली, कारण गुंडाळलेली वायर तापून वितळते. लाईटचे पैसे आधी ठरवून घ्या आणि मोकळ्या मनाने द्या.

जनरेटरबद्दल मात्र हात जोडून सांगतो. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं गेली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्या वायूला वास नसतो. जनरेटर लावून गाडीत झोपू नका. संध्याकाळी गाडी गार करून घेण्यापुरता तो वापरा, तोही लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे धूर गाडीपासून दूर जाईल असा ठेवून, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवलेला असेल तरच.

अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरावर आहे. तिथे मध्यरात्रीनंतर एसी बंद करून जाळीच्या खिडक्या उघडल्या आणि पांघरूण शोधावं लागलं. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून छोटा कूलरही चांगलं काम करतो, फक्त एक खिडकी उघडी हवी. कूलर आणि एसी एकत्र लावू नका. कूलरची ओल काढण्यातच एसी दमतो. धूळही पुष्कळ. फिल्टर रोज संध्याकाळी झटकायचा, नाहीतर झोत मंदावतो.

तुळजापुरात मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला मंदिराच्या आसपास गाडी लावायचा नाद सोडा. गावाबाहेर अंगण असलेला लॉज बघा, आणि फोनवर खोलीचं भाडं विचारण्याआधी विचारा, अंगणात 16 अँपिअरचा पॉइंट आहे का.