‘हे झालेलं नाही’

हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ चा दावा नवरा केव्हा लावतो, ते कौटुंबिक न्यायालयातल्या कुठल्याही वकिलाला विचारा. बायकोने पोटगी मागितली की. जोडीदार वाजवी कारणाशिवाय वेगळा राहत असेल तर ‘परत नांदायला पाठवा’ असं कोर्टाकडे मागता येतं, असं ते कलम सांगतं. मनापासून संसार सांधू पाहणारे नवरे असतात, नाही असं नाही. पण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या इमारतीत मी चालवलेल्या बहुतेक दाव्यांच्या मागे हिशेब एकच होता: मी न्यायला तयार आहे, तीच येत नाही, मग पैसे कशाचे? मग बायकोच्या बाजूने लेखी म्हणणं दाखल होतं. त्यात मारहाण, हुंडा, दारू हे तीन परिच्छेद ठरलेले. घडलेले असोत वा नसोत.

ही बाई माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या वकिलांनी करून दिलेला असाच एक मसुदा तिच्या हातात होता. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मसुद्यातल्या निम्म्या परिच्छेदांवर निळ्या पेनाने आडव्या रेघा होत्या आणि समासात तिच्या बारीक अक्षरातले शेरे. ‘हे झालेलं नाही.’ ‘हे सासूबाई बोलल्या, यांनी नाही.’ ‘या तारखेला मी माहेरी होते.’ सही करा नाहीतर दुसरा वकील बघा, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिने दुसरा वकील बघितला.

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुन्यांची नोंद ठेवते. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय नमुना पुढे सरकत नाही, हे तिचं रोजचं काम. लग्नानंतर रात्रशाळेतून ती दहावी झाली, मग बारावी.

“मॅडम, यांनी मला कधी मारलं नाही. दारू पीत नाहीत. हुंडा मागितला नाही. मला यांच्याबरोबर राहायचं नाही.”

का, असं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “शिकू नकोस असं ते कधीच म्हणाले नाहीत. फक्त माझी परीक्षा आली की काहीतरी व्हायचं.”

त्या ‘काहीतरी’मधलं एक म्हणजे बारावीच्या पेपरची सकाळ. हॉल तिकीट कपाटात आणि कपाटाला कुलूप. चावी नेहमी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असायची, त्या दिवशी नव्हती. नवरा पहिल्या पाळीला गेलेला, फोन उचलत नव्हता. ही तशीच केंद्रावर गेली. तिच्या सरांनी येऊन ओळख पटवली, हमीपत्र लिहून दिलं, तेव्हा तिला पेपरला बसू दिलं. संध्याकाळी नवऱ्याने कपाट उघडलं. “खिशात राहिली होती,” एवढं म्हणाला आणि टीव्ही लावला.

त्या हमीपत्राची झेरॉक्स तिने जपून ठेवली होती. मी लेखी म्हणणं अडीच पानांचं केलं. बार रूममध्ये एका सहकाऱ्याने ते चाळलं आणि म्हणाला, “एवढंच? निदान ४९८-अ ची धमकी तरी आहे का?” (जुन्या दंडसंहितेतलं विवाहितेच्या छळाचं फौजदारी कलम.) याच वृत्तीमुळे खरोखर मार खाल्लेल्या बायकांकडेसुद्धा कोर्ट संशयाने बघतं, असं माझं स्पष्ट मत आहे. एका पक्षकाराचा परिच्छेद उचलून दुसरीच्या म्हणण्यात चिकटवायचा, कधी तर नावही बदलायचं राहून जातं. उलटतपासात त्यातली एक खोटी ओळ पडली की खऱ्या दहा ओळीही तिच्याबरोबर पडतात.

उलटतपास कसा चालतो, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे उतरत नाहीत. न्यायाधीश उत्तराचा आशय लघुलेखकाला सांगतात आणि तो टाइप करतो: ‘हे म्हणणे खरे आहे की…’, ‘हे म्हणणे खरे नाही की…’. माणसाचा अडखळलेला आवाज, मध्येच गिळलेला आवंढा, यातलं काही कागदावर येत नाही. आणि स्वतःच्या वकिलाला त्या वेळी गप्प बसावं लागतं. खुणवायचं नाही, मान हलवायची नाही.

समोरचे वकील तयारीचे होते. मारहाणीचा आरोप उधळून लावायला शेजाऱ्यांची नावं, हुंड्याच्या आरोपाला उत्तर म्हणून लग्नखर्चाच्या पावत्या, असा सगळा गठ्ठा टेबलावर मांडलेला. त्यांनी ठरावीक क्रमाने सुरुवात केली.

“पतीने आपल्याला कधी मारहाण केली?”

“नाही.”

“हुंड्याची मागणी?”

“नाही.”

“काही व्यसन?”

“नाही.”

कीबोर्डवर ‘हे म्हणणे खरे आहे की’ एकामागून एक उतरत होतं आणि तो गठ्ठा निरुपयोगी होत होता. खोडून काढायला काही उरलंच नव्हतं. मग ते कपाटाकडे वळले.

“म्हणजे कपाट तुमच्या पतीने मुद्दाम बंद केलं, असं तुमचं म्हणणं?”

“मुद्दाम की चुकून, ते मी सांगू शकत नाही. कपाटाला कुलूप होतं आणि चावी यांच्या खिशात होती. एवढं मी बघितलं.”

न्यायाधीश मॅडमनी मान वर केली आणि लघुलेखकाला सांगितलं, “हे प्रश्नोत्तर स्वरूपात घ्या.” म्हणजे आशय नको, तिचेच शब्द हवेत. अनेक साक्षीदार मी पाहिले आहेत, शिकलेले, पदवीवाले, स्वतः वकील असलेलेसुद्धा. आपल्याला जे माहीत नाही ते कोर्टात सोडून देणारी माणसं फार थोडी. दुसऱ्याच्या मनातला हेतू तर प्रत्येकाला ठाऊक असतो.

शेवटचा प्रश्न आला. “पती आजही न्यायला तयार आहेत. जायला काय हरकत आहे?”

“हरकत नाही. इच्छा नाही.”

समोरचे वकील समाधानाने खाली बसले. कायद्याने बघाल तर त्यांचं समाधान रास्त होतं. ‘इच्छा नाही’ हे वाजवी कारण नव्हे.

वांद्रे स्टेशनकडे जाताना शेअर रिक्षात तिने विचारलं, “ते शेवटचं मी बोलायला नको होतं का?” कलानगरच्या सिग्नलला रिक्षा अडकली होती, तेवढ्यात मी तिला रखमाबाईंबद्दल सांगितलं. याच मुंबईत १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर नांदायला येण्याचा दावा लावला. लग्न लागलं तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या आणि सासरी कधी राहिल्याच नव्हत्या. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला. ४ मार्च १८८७ ला न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. १८८८ मध्ये दादाजींना २,००० रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढच्याच वर्षी रखमाबाई लंडनला डॉक्टर व्हायला गेल्या. परत येऊन सुरत आणि राजकोटमध्ये त्यांनी कित्येक वर्षं इस्पितळं सांभाळली.

तिने एकच विचारलं. “मारहाणीचा आरोप कर, असं त्यांना कुणी सांगितलं नाही?”

हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. रखमाबाईंच्या वकिलांनीही कारणं मांडलीच होती: नवऱ्याची गरिबी, त्याचा श्वासाचा आजार, तो ज्यांच्याकडे राहायचा त्या मामांचं वागणं. पण समज नसताना लावलेलं लग्न मला बांधत नाही, हे जे त्यांचं मूळ म्हणणं, त्याला कायद्यात जागाच नव्हती. ८ मार्चला आमच्याकडे त्यांच्या फोटोला हार पडतो आणि पहिल्या महिला डॉक्टर म्हणून परिचय होतो. पहिल्या की दुसऱ्या, हा वाद कुणाला घालायचा त्याने घालावा. त्यांच्याकडून घ्यायचं ते त्या खटल्यातलं आहे, आणि त्याला दोन वाक्यांपलीकडे कुणी वेळ देत नाही.

नवऱ्याचा दावा फेटाळला गेला. निकालपत्रात हॉल तिकिटाला दोन पानं आहेत. शिक्षणात वारंवार आणलेले अडथळे हा मानसिक छळ, म्हणून वेगळं राहण्याला वाजवी कारण. सही-शिक्क्याची नक्कल तिने माझ्यासमोर बसून शेवटपर्यंत वाचली. तिचं ‘इच्छा नाही’ त्यात कुठेच नव्हतं.

“मॅडम, कुलूप नसतं तर?”

तर निकाल उलटाही लागू शकला असता. तिला कुणी ओढून नेलं नसतं. असा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद १९२३ मध्येच गेली. त्याच वर्षीच्या कायद्याने या देशातल्या बायकांना वकिली करायची मोकळीक दिली, म्हणून मी आज तिथे उभी राहू शकते. पण दिवाणी प्रक्रिया संहितेत मालमत्तेवर जप्ती आणायची तरतूद अजून आहे. हुकुमानंतर वर्षभर संसार सुरू झाला नाही तर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं. आणि तो हुकूम न पाळल्याने बायकोची पोटगी आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, तोवर किती जणींचे अर्ज याच मुद्द्यावर अडले असतील.

कलम ९ घटनाबाह्य आहे असा निर्णय आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. २०१९ मध्ये पुन्हा याचिका झाली. रखमाबाई वारल्या २५ सप्टेंबर १९५५ ला, मुंबईतच. हे कलम ज्या कायद्यात आहे तो त्याच वर्षी मे महिन्यात झाला होता. त्याच्या जवळपास सत्तर वर्षं आधी ज्या मागणीपायी त्या तुरुंगात जायला निघाल्या, तिला स्वतंत्र देशाच्या कायद्यात जागा मिळालेली त्यांनी पाहिली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता ती घटस्फोटाचा अर्ज करते आहे. घटनांचं टिपण तिने स्वतःच करून दिलं, तारखांसकट, आणि जिथे तारीख आठवत नाही तिथे तसं लिहून. पहिली ओळ आहे, ‘मला यांच्याबरोबर राहण्याची इच्छा नाही.’ कायद्याला त्या ओळीची गरज नाही, आणि समोरचे वकील नेमकं तिच्यावर बोट ठेवतील हेही मला दिसतं आहे. मी ती अर्जात पहिला परिच्छेद म्हणून घेतली आहे. छळाचा मुद्दा दुसऱ्यापासून सुरू होतो.