सातबाऱ्यावरचा साडेसातशे रुपयांचा बोजा

सातबारा नावावर झाला की सुटलो, असं वाटत असेल तर उताऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना एकदा नीट वाचा. साताऱ्याकडच्या आमच्या शेताच्या त्या रकान्यात 'सोसायटी बोजा रु. ७५०' एवढंच लिहिलेलं होतं, म्हणजे गावच्या सहकारी कर्ज सोसायटीचं जमिनीवर तेवढं कर्ज. वडील गेल्यावर जेवढी म्हणून कागदपत्रं केली त्या सगळ्यांनी मिळून मला फिरवलं नसेल तेवढं या साडेसातशे रुपयांनी फिरवलं.

वारस नोंदीचं आधी उरकते, कारण ती सरळ झाली. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि नाती लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, आधार कार्डं आणि अर्ज. तलाठ्यांनी फेरफार, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाची नोंद, घातला (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच चालतं), नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. आई, मी आणि भाऊ अशी तीन नावं लागली, वडिलांच्या नावाला कंस झाला, म्हणजे ते नाव कमी झालं. वारसाने जमीन आली की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं, असं जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्येच आहे. ते काम कोणी घरी येऊन करत नाही. कित्येक घरांत पणजोबासुद्धा उताऱ्यावर अजून नांदत असतात. २०२५ मध्ये सरकारला 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली ती उगाच नाही.

तर बोजा. भावाला ठिबकसाठी कर्ज हवं होतं. बँकेच्या वकिलांनी उतारा पाहिला, त्या ओळीभोवती पेनाने गोल केला आणि कागद परत सरकवला. "एवढा बोजा कमी करून आणा." साडेसातशे रुपये मी तिथल्या तिथे काढून दिले असते. पण घेणारंच कोणी नव्हतं.

तलाठ्यांकडे गेले. ते म्हणाले, सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, आणा, लगेच नोंद घालतो. सोसायटीत गेले. तिथल्या गटसचिवांनी खतावणी, म्हणजे कर्जखात्यांची वही, उघडली, गट नंबर शोधला आणि म्हणाले, "ताई, या गटावर आमचं कर्जच नाही. जे कर्ज नाही ते फिटलं असं मी कसं लिहून देऊ?" परत तलाठ्यांकडे. "उताऱ्यावर तर बोजा दिसतोय. पत्राशिवाय मी कसा कमी करू?" दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून जास्तच संताप. चुकीचं वागणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. तालुक्याच्या कचेरीत एकाने 'ऑनलाइन करा' असा सल्ला दिला. ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर बोजा कमी करण्याचा अर्ज खरंच आहे, पण तोही शेवटी तेच पत्र जोडायला सांगतो.

गाठ कुठे आहे ते उताऱ्यातच लिहिलेलं होतं. बोजाच्या ओळीला एक फेरफार क्रमांक असतो. उताऱ्यावरच्या प्रत्येक नोंदीला असा क्रमांक असतो, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तो वर्तुळात दिसतो. ही नोंद कधी, कशावरून आणि कोणत्या कागदाने आली ते त्या फेरफारात सापडतं. आमचा क्रमांक इतका जुना होता की तो फेरफार तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये होता. नकलेचा अर्ज केला. तिथला कारभार म्हणजे: रेकॉर्ड पाहणारे रजेवर आहेत, गठ्ठा सापडत नाही, गठ्ठा सापडला पण वही त्यात नाही, बुधवारी या. "तुमचे भाऊ नाही का आले?" हेही एकदा विचारून झालं. शेवटी मी साधा अर्ज सोडून, पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहून लेखी विचारणा केली की नक्कल कधी मिळणार ते लेखी कळवा. त्यानंतर मात्र वही सापडली. म्हणून सांगते, अर्ज कोणताही असो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी बोलणं हवेत जातं.

फेरफार निघाला १९६७ चा. आजोबांनी सोसायटीकडून घेतलेलं कर्ज. पण नोंदीत जमिनीचा सर्व्हे नंबर होता, गट नंबर नव्हता. गावात एकत्रीकरण झालं ते त्यानंतर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याखाली तुकडे जोडून गट पाडले, जुने सर्व्हे नंबर गेले. नव्या गटाचा उतारा लिहिताना महसूलवाल्यांनी बोजा इकडे उतरवून घेतला, सोसायटीची खतावणी मात्र सर्व्हे नंबरवरच राहिली. गटसचिवांना गट शोधून कर्ज सापडणार कुठून?

सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांची जोड तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यात असते. तो काढला. दोन्ही कागद पुढे ठेवल्यावर गटसचिवांनी जुनी खतावणी कपाटातून काढली, धूळ झटकली आणि आजोबांचं खातं दाखवलं. १९७१ मध्येच बेबाक. मी जन्मायच्या आधी फिटलेलं कर्ज! चहा येईपर्यंत पत्र लिहून झालं. पुढे तलाठी, फेरफार, मंडळ अधिकारी, आणि बोजाला कंस. त्या कंसाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याला वाटलं, लॉटरी लागली.

आत्यावरून आठवलं. आजोबा गेले तेव्हा दोन्ही आत्यांचं हक्कसोडपत्र वडिलांनी दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घेतलं होतं, म्हणून आमची वारस नोंद विनाहरकत गेली. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केलेल्या कागदाने बहिणीचा हिस्सा सुटत नाही, कोणी कितीही 'चालतं' म्हणो. सुटावाच असाही काही नियम नाही; माझं नाव मी ठेवलंय.

उतारा नावाचा झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानतात, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. खरेदीखत, वाटपपत्र, हक्कसोडपत्र हे मूळ कागद सांभाळा, लॅमिनेशन करू नका. आणि बँकेला फुकटात दिसणारा उतारा चालत नाही. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. संगणकीकरणात नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण तो लेखनातल्या चुकीपुरता. हिश्श्याचा वाद त्यात घुसवला तर अर्ज फेटाळला जातो.

शेत कसत नसाल तरी शेतसारा, हद्दीचे दगड आणि ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, ही आपलीच कामं. आमच्याकडे पीक उभं असताना एक हंगाम नोंद राहिली, बारा नंबरात, म्हणजे उताऱ्याच्या पिकांच्या भागात, पीक दिसेना आणि नुकसानभरपाईच्या यादीत नाव आलं नाही.

भावाचं कर्ज मंजूर झालं. आता त्याच रकान्यात बँकेचा बोजा आहे, लाखांतला. तो चढवायचा अर्ज बँकेने स्वतःहून ऑनलाइन केला, आम्हाला सांगावंही लागलं नाही. कर्ज फिटल्यावर कमी करायचा अर्जही त्यांनीच करावा, असं पत्र मी भावाच्या सहीने शाखेत दिलंय. पोच घेतली आहे, फाइलमध्ये १९६७ च्या फेरफाराच्या वरच लावली आहे.