तुमची नाणी खास बनवलेली असतात का?

माझा नाण्यांच्या जादूचा कार्यक्रम संपला की टेबलाभोवती दोन-चार जण रेंगाळतात. कुणीतरी नाणं उचलून उलटंपालटं करतं आणि विचारतं, "ही खास बनवून घेतलेली आहेत ना हो?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकाला गुपित हवं असतं. त्याला मी चहा पाजतो आणि विषय बदलतो. दुसरा घरी आरशासमोर नाणं तळव्यात लपवायचा सराव करत असतो, आणि "मग मी कोणती घेऊ?" हा त्याचा खरा प्रश्न ओठांवर अडलेला असतो. तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर त्या दुसऱ्यासाठी.

हो, माझी नाणी खास आहेत. पण बहुतेकांत लपवण्यासारखं काही नाही. भिंग घेऊन बसलात तरी हाती साधी धातूची चकतीच येईल. ती निवडलेली असतात चार गोष्टींवरून: रुंदी, वजन, कड आणि आवाज. या चार गोष्टी कळल्या की दुकानदाराच्या जाहिरातीची गरज उरत नाही.

खिशातली चिल्लर का नको, हा पुढचा प्रश्न ठरलेला. चालते की! लोकांना तीच जास्त आवडते, कारण ती त्यांच्याच खिशातून आलेली असते. पण शिकायला ती वाईट. २०१९च्या मालिकेतला रुपया २० मिलिमीटरचा आहे आणि वजनाला जेमतेम तीन ग्रॅम. नाणं तळव्यात धरायचं तर एका बाजूने अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा आणि दुसऱ्या बाजूने करंगळीकडचा मांसल भाग, अशा दोघांच्या मध्ये ते अडकावं लागतं. याला क्लासिक पाम म्हणतात. इतका चिमुकला रुपया तिथे धरायचा तर हात आखडून घ्यावा लागतो, आणि आखडलेला हात पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळतो. वीसचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, पण बाराकोनी असल्यामुळे बोटांवरून फिरवताना कोपऱ्याकोपऱ्याला अडखळतं. चालू नाण्यांत माझी पसंती दहाच्या नाण्याला. तेही २७ मिलिमीटरचं, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, आणि दोन रंगांमुळे मागच्या रांगेतूनही ओळखू येतं. जादूत प्रेक्षकाला नाणं दिसणं हे ते न दिसण्याइतकंच महत्त्वाचं आहे. हे नवशिक्यांना फार उशिरा पटतं.

आता जगभरचे नाणेवाले अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर का जीव टाकतात ते सांगतो. त्याची रुंदी ३०.६ मिलिमीटर. बहुतेक मोठ्या माणसांच्या तळव्यात हा आकार हात न आखडता बसतो, आणि चार नाणी एकावर एक धरली तरी बोटं मोकळी राहतात. कडेला उभे दाते असतात, ते कातडीत किंचित रुततात. गुळगुळीत कडेचं नाणं म्हणजे नक्षी झिजलेला टायर, ओल्या रस्त्यावर कधी घसरेल त्याचा नेम नाही. १९६४ पर्यंतचे अर्धे डॉलर ९० टक्के चांदीचे, साडेबारा ग्रॅमचे. १९७१ पासूनच्यांत चांदी नाही, वजन ११.३४ ग्रॅम. जादूगार जुन्यांच्या मागे लागतात ते गुंतवणूक म्हणून नव्हे. चांदी प्रकाश चांगला परतवते आणि टेबलावर पडली की खणखणीत वाजते. १९१६ ते १९४७ मधला, चालत्या स्वातंत्र्यदेवीचा ठसा असलेला अर्धा डॉलर वापरून वापरून झिजलेला मिळाला तर अजून बरं. झिजलेली नाणी एकमेकांवर सरकताना कुरकुरत नाहीत. आमच्यात अशा नाण्याला सॉफ्ट कॉइन म्हणतात. हात रिकामा दाखवायचा असताना आतून 'किच' असा आवाज आला तर पुढचं सगळं वाया जातं.

मोठ्या स्टेजसाठी चांदीचा अख्खा डॉलर. १८७८ पासूनचा मॉर्गन आणि १९२१ पासूनचा पीस, दोन्ही ३८.१ मिलिमीटरचे आणि पावणेसत्तावीस ग्रॅमचे. दिसायला राजेशाही, पण लहान हाताच्या माणसाने यांच्या वाटेला जाऊ नये. तळव्याबाहेर डोकावणारी चांदीची कोर प्रेक्षक विसरत नाहीत. माझं मत विचाराल तर खोलीत पन्नासपेक्षा कमी माणसं असताना डॉलर काढणं हा निव्वळ हौसेचा भाग आहे.

खास बनवून घेतलेली नाणी ही काही आजची टूम नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मार्शलटाऊनला, टी. नेल्सन डाउन्स नावाचा रेल्वेचा तारमास्तर होता. तो पुढे 'किंग ऑफ कॉइन्स' म्हणून गाजला आणि १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात झळकला. हवेतून नाण्यामागून नाणं काढून हॅटमध्ये टाकायचं, हा 'मायझर्स ड्रीम'चा खेळ त्याने नावारूपाला आणला. आता विचार करा, एका हातात अख्खी चवड लपवायची तर खऱ्या डॉलरची जाडी आणि वजन परवडेल का? त्यातून जादूगारांसाठीची वेगळी नाणी आली, पामिंग कॉइन. रुंदी खऱ्या नाण्याइतकी, जाडी कमी, कडेचे दाते खोल. लांबून पाहणाऱ्याला ठसा कुठे दिसतो? त्याला चमक दिसते आणि हॅटमध्ये पडल्याचा आवाज ऐकू येतो. या नाण्यांची मर्यादाही तिथेच आहे. ती प्रेक्षकाच्या हातात देता येत नाहीत. घरगुती बैठकीत, हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला तुम्ही नाणं तपासू दिलं नाहीत तर त्याला नाण्याचाच संशय येतो, तुमची मेहनत बाजूलाच राहते.

आपल्याकडे यावर उत्तम तोड पडून आहे आणि ती आजीच्या डब्यात असते: राणीछाप रुपया. ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. रुंदी साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, कडेला दाते. वर दिलेल्या अर्ध्या डॉलरच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवून पाहा. अमेरिकेतल्या पुस्तकांत अर्ध्या डॉलरसाठी लिहिलेली बहुतेक प्रत्येक चाल राणीछापवर जशीच्या तशी बसते. आणि अर्धा डॉलर दाखवला तर नाशिकच्या वाड्यातले आजोबा "हे काय आणलंस?" म्हणतील. राणीछाप दाखवला की तेच आजोबा चष्मा पुसतात आणि त्यांच्या लग्नातल्या आहेराची गोष्ट काढतात. नाण्याची ओळख पटली की प्रेक्षक अर्धा तुमचा झाला. गंमत म्हणजे आता अमेरिकेतही अर्धा डॉलर रोजच्या व्यवहारात फारसा दिसत नाही. तिथल्या पोरांनाही तो जादूगाराचंच नाणं वाटतो.

राणीछाप घेताना मात्र जपून. जुन्या बाजारात ओतीव नकली नाणी भरपूर फिरतात. ओळखीच्या सोनाराकडे वजन करून घ्या. थोडी झीज धरूनही नाणं अकरा ग्रॅमच्या खाली गेलं तर सोडून द्या. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टकटक करा. चांदी लांबवर गात राहते, नकली बद्द वाजतं. कड नखाने चाचपा. ओतीव नाण्याच्या कडेवर सांध्याची रेघ किंवा पुसटसे, एकमेकांत मिसळलेले दाते सापडतात. दुर्मीळ सालाचं नाणं चुकूनही घेऊ नका. संग्राहकाला हवं ते तुमच्या काय कामाचं? तुम्हाला हवीत ती सामान्य सालांची, सारखी झिजलेली, एका राणीची किंवा एका राजाची. आणि घरातलं एकुलतं एक पूजेतलं नाणं उचलायचं नाही, हे सांगायला नको.

चांदी परवडत नसेल तर निकेलचा रुपया शोधा. १९६२ ते १९७४ मधला रुपया २८ मिलिमीटरचा आणि १० ग्रॅमचा आहे, हातात भरदार लागतो आणि पंचाहत्तरीतल्या लोकांना लगेच आठवतो. एक लक्षात असू द्या, निकेल चुंबकाला चिकटतं. आपली आजची स्टीलची नाणीही चिकटतात. चुंबक बसवलेली जादूची नाणी त्यांच्याबरोबर एका खिशात ठेवलीत तर ऐन वेळी दोघांचा घट्ट संसार झालेला दिसेल.

आता ज्याची तुम्ही केव्हापासून वाट पाहताय ती खरोखरची बनावाची नाणी. शेल, फ्लिपर, एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला चांदी असलेलं नाणं, चुंबकाची नाणी. ती काय करतात हे मी इथे सांगणार नाही. शेल म्हणजे काय हे माहीत नसेल तर तुम्हाला तो अजून लागत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी निवडीचं सांगतो. ही खऱ्या नाण्यापासून लेथवर कोरून बनवतात, आणि सगळी किंमत त्या कारागिराच्या हाताची असते. अर्जेंटिनाच्या टँगो या कंपनीची नाणी सहज मिळतात आणि सुरुवातीला पुरेशी आहेत. एकेकटे कारागीर बनवतात त्यांच्या संचाला कितीतरी पट पैसे पडतात आणि थांबावंही लागतं. फरक कुठे असतो? शेलची भिंत किती पातळ आहे आणि आतलं नाणं स्वतःच्या वजनाने निसटतं की हलवावं लागतं, यात. हलवावं लागत असेल तर परत करा. आणि संचातलं साधं नाणं शेलशी रंगाने, झिजेने जुळतं का, ते दिवसाच्या उजेडात पाहा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळीच जुळतात.

तांब्या-चांदीच्या खेळांत अर्ध्या डॉलरच्या जोडीला इंग्लंडची जुनी पेनी येते. ती ३०.८ मिलिमीटरची ब्राँझची, १९७१ मध्ये चलनातून गेलेली. रुंदी जवळपास सारखी आणि रंग एकदम वेगळा, म्हणून ही जोडी जमली. आपल्या राणीछापशीही ती छान जुळते, आणि दोन्हींवर कधीकधी तीच व्हिक्टोरिया असते. यावर बोलायला एक आयती गोष्ट मिळते: लंडनची राणी आणि मुंबईची राणी एकमेकींच्या घरी जातात.

दहाच्या किंवा पाचच्या चालू नाण्याचा शेल कुणाकडून बनवून घेऊ का, असं विचारणारे बरेच भेटतात. नका घेऊ. २०११च्या नाणे कायद्याने चालू नाणं वितळवणं, नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि लेथवर नाणं कोरून टाकणं त्याच्या फार जवळ जातं. हुबेहूब नकली नाणं पाडून घेणं तर थेट खोट्या नाण्यांच्या गुन्ह्यात मोडतं, मग हेतू जादूचा असला तरी. चलनातून गेलेल्या परदेशी नाण्यांवर काम केलेलं बरं.

अलीकडे एक नवा प्रकार आलाय. कोणत्याच देशाची नसलेली, जादूगारांसाठी मुद्दाम पाडलेली नाणी. ड्रॅगन, कवट्या, पत्त्यांची चिन्हं. कडा अप्रतिम, वजन नेमकं, अर्ध्या डॉलरइतकी आणि डॉलरइतकी अशा मापांत. सरावाला यांच्यासारखं काही नाही, कारण सगळी तंतोतंत सारखी असतात. पण कवटीचं नाणं गायब झालं याचं आश्चर्य कुणाला? ज्याची किंमत कळत नाही ते गेलं काय, राहिलं काय! लहान मुलांसमोर समुद्री चाच्यांची गोष्ट सांगायची असेल तर ठीक. शिवाय यांतली बरीच मुलामा दिलेली असतात. हाताच्या घामाने वर्षभरात कडेचा मुलामा जातो आणि खालचं पितळ दिसू लागतं. घेण्याआधी धातू आरपार तोच आहे का, एवढं विचारा.

राहिली निगा. चांदी ब्रासोने घासू नका, जुनेपणा जातो आणि सॉफ्टपणा देणारी झीज चकचकीत होऊन पकड कमी होते. कोमट पाणी, साधा साबण, मऊ कापड, बस्स. शेल वेगळ्या डबीत ठेवा. पुण्याच्या मे महिन्यात हात कोरडे पडून नाणं निसटतं, तेव्हा तळव्याला ग्लिसरीनचा एक थेंब पुरतो. मुंबईत उलट रुमाल लागतो.

आणि किती घ्यायची? बहुतेक खेळ चार नाण्यांचे असतात, म्हणून सगळे चार घेतात. सहा घ्या. एक रिक्षाच्या सीटखाली जातं, एक कुणाच्या तरी मुलाला बक्षीस म्हणून द्यावं लागतं, आणि त्याच झिजेचं, त्याच आवाजाचं पाचवं नाणं नंतर कोणत्याही बाजारात मिळत नाही.