मॅझिनी, ब्राऊन आणि एका नापोलीकराची आजी

शाळेत आम्हाला इटलीचं एकीकरण होतं. मॅझिनी म्हणजे आत्मा, पंतप्रधान काव्हूर म्हणजे मेंदू, गॅरिबाल्डी म्हणजे तलवार, एवढं पाठ केलं की पाच मार्क फिक्स. घरी आजोबांकडे तर मॅझिनी जवळजवळ घरचाच माणूस, कारण सावरकरांनी लंडनमध्ये बसून त्याचं चरित्र मराठीत आणलं, ते १९०७ ला छापलं गेलं, इंग्रजांनी बंदी घातली तरी पोरांनी प्रस्तावना पाठ केली, हे ते दर पंधरा ऑगस्टला सांगायचे. त्यामुळे मॅझिनी जिंकला अशीच माझी समजूत, ती बरीच वर्षं टिकली.

मग ऑफिसात एक नापोलीचा, म्हणजे दक्षिण इटलीतल्या नेपल्सचा, कलीग आला. एकदा कॉल सुरू व्हायची वाट बघताना तो सहज म्हणाला की माझी आजी घरात कधी इटालियन बोललीच नाही, नापोलीतानो बोलायची. मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडची मालवणी? तो म्हणाला, मिलानच्या माणसाला आजीचं अर्धं कळायचं नाही.

त्या रात्री वाचत बसलो. १७ मार्च १८६१ ला इटलीचं राज्य जाहीर झालं तेव्हा तिथल्या किती लोकांना इटालियन येत होती? तुल्लिओ दे माउरो या भाषातज्ज्ञाचा हिशेब शंभरात अडीच! नंतरच्या अभ्यासकांनी ताणून ताणून दहाच्या आसपास नेला, तरी बाकीचे नव्वद राहतातच की. खुद्द काव्हूरला फ्रेंच जास्त सोपी जायची, आणि दक्षिणेत तर त्यानं कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. सिसिलीत लोक 'ला तालिया' (म्हणजे 'लितालिया', इटली) ही राजाची बायको समजून तिचा जयजयकार करत होते असा एक किस्सा सांगतात, खरंखोटं देव जाणे, पण त्या आकड्यांकडे बघून अशक्य वाटत नाही.

राजाचं तर विचारूच नका. नवा देश, पहिला राजा, आणि नाव काय, तर व्हित्तोरिओ इमान्युएले दुसरा! उत्तरेतल्या पिएदमाँत-सार्दिनियाच्या गादीवरचा नंबर त्यानं बदललाच नाही. दक्षिणेतल्या लोकांना हे कसं दिसलं असेल बघा, देश झाला की उत्तरेतला राजा खाली सरकत आला? पुढची काही वर्षं तिकडे बंडखोरी चालली, तिला सरकारनं दरोडेखोरी म्हटलं आणि १८६३ चा पीका कायदा काढून लष्करी कोर्टात माणसं उभी केली. आमच्या पुस्तकात याची एक ओळ नव्हती. गॅरिबाल्डीनं एक हजार माणसं घेऊन मार्सालाला उतरून सिसिली जिंकली ते मात्र चित्रासकट होतं. त्याचं जन्मगाव नीस त्याच १८६० साली काव्हूरनं फ्रान्सला देऊन टाकलं होतं हे नव्हतं, आणि तो त्यावरून संसदेत काव्हूरवर किती भडकला हेही नव्हतं.

आणि मॅझिनी. त्याला राजा नकोच होता, लोकांचं प्रजासत्ताक हवं होतं, १८३१ ला 'तरुण इटली' ही संघटना काढली ती त्यासाठीच. देश झाला, पण राजाचा. १८६६ ला सिसिलीतल्या मेसिनाच्या लोकांनी त्याला संसदेवर निवडून दिलं तर ती निवडणूकच रद्द केली, कारण डोक्यावर जुनी फाशीची शिक्षा. मार्च १८७२ मध्ये पिसातल्या एका मित्रांच्या घरात तो वारला, तेव्हा तो तिथे डॉक्टर ब्राऊन या इंग्रजी नावानं राहत होता. स्वतःच्याच देशात, खोट्या नावानं! मी तो परिच्छेद दोनदा वाचला. आजोबांना हे माहीत होतं का काय माहीत, आता विचारायला ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी कलीगला हे सगळं सांगितलं, तो म्हणे आम्हालाही शाळेत तिघांचं चित्र होतं. मग प्रजासत्ताकाचा विषय निघाला. ते आलं २ जून १९४६ च्या 'राजा की प्रजासत्ताक' या सार्वमतानं, मॅझिनीच्या मृत्यूनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, आणि बायकांनी देशपातळीवर पहिल्यांदा मत दिलं तेही त्याच दिवशी. मी विचारलं, आजीनं कुणाला दिलं?

तो हसला. 'राजाला. अख्ख्या नापोलीनंच राजाला दिलं होतं.'