नेपल्सची स्फोल्यातेल्ला, तुपातली

इटलीत, नेपल्सला येऊन चार महिने झाले होते. सकाळी खालच्या बारमध्ये (इथे बार म्हणजे मुख्यतः कॉफीची जागा) उभ्याउभ्या एक कॉफी आणि एक गरम स्फोल्यातेल्ला, हा माझा रोजचा क्रम होऊन बसला होता. शिंपल्याच्या आकाराची, बाहेरून नुसते कुरकुरीत पापुद्रे, आत रवा आणि रिकोटाचं (पनीरसारखं मऊ, ताजं चीज) सारण. पहिला घास घेतला की निम्मा चुरा ओढणीवर. एकदा शेजारच्या सिन्योरांना (म्हणजे बाईंना) सहज विचारलं, याला इतके पदर सुटतात कसे? त्या म्हणाल्या, "स्त्रुत्तो घालतात ना!" घरी येऊन शब्दाचा अर्थ पाहिला. डुकराची चरबी. मी अंडं खाते, त्यापुढे जात नाही. चार महिन्यांचा हिशेब मी केला नाही, आणि आईला हे अजून सांगितलेलं नाही.

सोडून देणं जमण्यासारखं नव्हतं. मग घरीच करायची ठरवली, तुपात.

सिन्योरांनी आधी फ्रोल्ला कर म्हणून सुचवलं. सारण तेच, पण वरचं आवरण नानकटाईसारखं खुसखुशीत, पदरांची भानगड नाही. मला मात्र रिच्चाच हवी होती, पदरांची. ही मूळची अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या कोंका देई मारिनी गावातल्या सांता रोझा मठातल्या जोगिणींची, असं सांगतात. त्या मठाच्या नावाची स्फोल्यातेल्ला आजही मिळते, वर कस्टर्ड आणि आंबटगोड चेरी घातलेली. 1818 मध्ये पास्क्वाले पिंताउरो यांनी ती नेपल्सच्या व्हिया तोलेदोवर विकायला सुरुवात केली आणि मग ती शहराचीच झाली.

कृती ऐकताना मी मनात म्हटलं, अरे, हे तर चिरोटे! पातळ पोळी लाटायची, साटा लावायचा, घट्ट गुंडाळी करायची, काप पाडायचे. दिवाळीत दरवर्षी करते मी. या फाजील आत्मविश्वासाने माझी पहिली खेप वाया घालवली.

पहिली चूक कणकेची. चिरोट्यांना भिजवते तशी मऊसर भिजवली. इथे लागते दगडासारखी घट्ट. 500 ग्रॅम मानितोबा (भरपूर चिवटपणा असलेला मैदा), फक्त 200 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, चमचाभर मध. परातीत ती गोळा व्हायलाच तयार नसते, नुसता भुगा. सिन्योरांनी दारातूनच पाहिलं, लाटणं उचललं आणि कणीक धोपटायला लागल्या. मग पास्ताच्या मशीनमधून घडी घालून पुन्हा पुन्हा काढायची, गुळगुळीत होईपर्यंत, आणि रात्रभर फ्रीजमध्ये.

दुसरी चूक साट्याची. बटर नको हे ठरलेलं होतं, त्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि पाण्याने पदर एकमेकांना चिकटतात. तुपात पाणी नाही. म्हणून भारतातून आणलेल्या छोट्या परातीत तूप तळहाताने फेसलं, पांढरं, हलकं होईपर्यंत, आणि सवयीने त्यात तांदळाची पिठी घातली. तिथेच फसले. चिरोट्याचे पदर जागेवर राहून फुलायचे असतात, हिचे एकमेकांवरून घसरायचे असतात. पिठीने ते धरून ठेवले आणि आकार देताना काप मधोमध फाटले. दुसऱ्या खेपेला नुसतं फेसलेलं तूप घेतलं.

मशीनच्या शेवटच्या आकड्यावर काढलेली पट्टी ओट्यावर पसरायची, दोन्ही हातांनी रुंदीत ओढत जायची, खालच्या ओट्यावरची नक्षी दिसेपर्यंत. तूप लावायचं आणि ताण न सोडता गुंडाळायचं. पट्टी संपली की तिच्या टोकावर पुढची चढवायची. आत हवा राहिली तर भट्टीत वेटोळं सुटतं. मनगटाएवढी जाड गुंडाळी झाली की वरून तूप, प्लास्टिकमध्ये बांधून पुन्हा एक रात्र फ्रीजमध्ये. थोडक्यात, रविवारी खायची तर शुक्रवारी कणीक.

सारणात मला शिकायला काही नव्हतं. 300 मिली पाण्याला उकळी, चिमूटभर मीठ, 100 ग्रॅम रवा, गुठळी न होऊ देता ढवळायचा. हा तर बिनतुपाचा सांजाच. निवला की त्यात रात्रभर निथळत ठेवलेला आणि चाळणीतून काढलेला 200 ग्रॅम रिकोटा, 150 ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, दालचिनी, साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या सालीचे तुकडे. संत्र्याच्या फुलांचा अर्क दोनच थेंब. मी वेलदोडा घालू का विचारल्यावर सिन्योरांनी असं पाहिलं की पुन्हा विषय काढला नाही.

खरी गंमत पुढे. गुंडाळीचे सेंटिमीटरभर जाडीचे काप पाडायचे. बोटांना तूप लावून एक काप हातात घ्यायचा, दोन्ही अंगठे मध्यावर ठेवायचे आणि मधून कडेकडे हलकेच रेटत काप फिरवत राहायचं. मोदकाच्या पारीला अंगठा आत असतो तसाच, पण पारीत पीठ पातळ होतं, इथे वेटोळी एकेक करून सरकतात आणि चपट्या चकतीचा द्रोण होतो. वेटोळ्याचा मधला ठिपका टोकाला यायला हवा. माझे पहिले पाच तिरपे झाले. सहाव्याला बोटांखाली पदर सरकल्याचं कळलं, अगदी पत्त्यांचा गठ्ठा सरकवावा तसं, आणि मग हात बसला. दोन चमचे सारण भरून तोंड नुसतं दाबून मिटायचं. ओव्हन 200 अंशांवर, 25 मिनिटं.

18 झाल्या. तीनचं सारण बाहेर आलं, दोघी तळाशी जरा करपल्या, बाकीच्यांना पदर असे सुटले की मी ओव्हनच्या काचेसमोरून हललेच नाही. गरम असतानाच पिठीसाखर भुरभुरली. सिन्योरांनी एक फोडली, कान जवळ नेऊन आवाज ऐकला, मग खाल्ली. "वास वेगळा आहे," म्हणाल्या, आणि बशी पुढे केली.

गुंडाळीची दोन्ही टोकं वेडीवाकडी असतात, ती कापून टाकायची असं त्यांनी बजावलं होतं. मी ती लाटून तुपात तळली आणि वर साखर भुरभुरली. सिन्योरांनी त्यातले चार खाल्ले आणि हे कुठल्या दुकानात मिळतात म्हणून विचारलं.